बाळंतपणे आणि सोनोग्राफीतील गर्भाशयाचे माप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जणींची नजर आधी गर्भाशयाच्या मापावर जाते आणि ते मोठे आहे की लहान, हा प्रश्न लगेच उभा राहतो. त्या स्त्रीची किती बाळंतपणे झाली आहेत आणि तिचे वय काय आहे, हे ठाऊक नसेल तर या प्रश्नाला उत्तरच नाही. पुढील प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रिपोर्टमध्ये गर्भाशयापुढे गुणाकारासारखे तीन आकडे लिहिलेले असतात. ते कशाचे?

पहिला आकडा बहुधा लांबीचा असतो. ती गर्भाशयाच्या वरच्या टोकापासून गर्भाशयमुखाच्या खालच्या टोकापर्यंत मोजतात. उरलेले दोन आकडे पुढून मागे असलेली जाडी आणि आडवी रुंदी यांचे असतात. त्यांचा क्रम केंद्रागणिक बदलतो. माप सेंटिमीटरमध्ये आहे की मिलिमीटरमध्ये, हे आधी पाहावे, कारण ‘७८ × ४५ × ३८’ असे आकडे पाहून घाबरलेल्या अनेक जणींचे गर्भाशय प्रत्यक्षात ७.८ सेंटिमीटर लांबीचे, म्हणजे अगदी सर्वसाधारण असते. काही डॉक्टर लांबी मोजताना गर्भाशयमुख वगळून केवळ वरच्या भागाचे माप देतात. तसे असेल तर खालील कोणत्याही आकड्याशी त्याची थेट तुलना करता येणार नाही.

२. मूल न झालेल्या आणि मूल झालेल्या स्त्रीच्या गर्भाशयाचे नॉर्मल माप किती?

पाळी नियमित येणाऱ्या आणि एकही बाळंतपण न झालेल्या प्रौढ स्त्रीच्या गर्भाशयाची लांबी साधारणपणे ६ ते ८ सेंटिमीटर, रुंदी ४ ते ५ आणि जाडी ३ ते ४ सेंटिमीटर असते. बाळंतपणे झालेल्या स्त्रीमध्ये यातील प्रत्येक माप सुमारे एक ते दीड सेंटिमीटरने वाढलेले आढळते, म्हणजे लांबी ८ ते १० सेंटिमीटरपर्यंत जाते. हे दोन पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत, ही गोष्ट मात्र रिपोर्ट वाचताना हमखास विसरली जाते. ८ सेंटिमीटर हे माप दोन्ही गटांत सहज सापडते. उंचपुऱ्या स्त्रीचे गर्भाशय मूल झालेले नसतानाही वरच्या कडेला असू शकते आणि ठेंगण्या, सडपातळ स्त्रीचे दोन मुलांनंतरही ८ सेंटिमीटरच्या आत राहू शकते.

लांबीबरोबर प्रमाणही बदलते. लहान मुलीमध्ये गर्भाशयमुखाचा भाग वरच्या भागापेक्षा लांब असतो. वयात आल्यावर वरचा भाग वाढून त्याची बरोबरी करतो किंवा थोडा पुढे जातो, आणि बाळंतपणे झालेल्या स्त्रीमध्ये तो गर्भाशयमुखाच्या सुमारे दुप्पट झालेला दिसतो. नासपतीच्या ज्या आकाराचे वर्णन पाठ्यपुस्तकांत असते तो खऱ्या अर्थाने इथे ठळक होतो.

३. बाळंतपणानंतर पिशवी पुन्हा पहिल्याएवढी का होत नाही?

एरवी ५० ते ७० ग्रॅम वजनाचे गर्भाशय नवव्या महिन्याच्या अखेरीस, बाळ, वार आणि पाणी वगळूनही, सुमारे एक किलोचे झालेले असते. ही वाढ मुख्यतः स्नायूंच्या पेशी आकाराने प्रचंड वाढल्यामुळे होते. नव्या पेशी तयार होण्याचा वाटा त्या मानाने लहान असतो. त्याबरोबर रक्तवाहिन्या रुंदावतात आणि स्नायूंमधील तंतुमय ऊतीही वाढते. बाळंतपणानंतर हा सगळा व्याप आवरला जातो आणि पेशी आक्रसतात, परंतु तंतुमय ऊती आणि रुंदावलेल्या वाहिन्यांच्या भिंती पूर्णपणे नाहीशा होत नाहीत. वजन म्हणून कायमचे थोडे वाढलेले राहते आणि बाळंतपणे झालेल्या स्त्रीचे गर्भाशय ८० ग्रॅम किंवा त्याहून अधिक भरते. बाहेरच्या थरातील शिरा आणि गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या शिरा सोनोग्राफीत ठळक दिसण्याचे कारणही बहुधा हेच असते. त्या ठळक दिसतात एवढ्यावरून आजाराचे निदान करता येत नाही.

४. म्हणजे चार मुले झालेल्या बाईची पिशवी दोन मुले झालेल्या बाईच्या दुप्पट असते का?

नाही. सर्वांत मोठा फरक मूल न झालेल्या आणि पहिले बाळंतपण झालेल्या अवस्थांमध्ये दिसतो. पुढच्या बाळंतपणांनी भर पडते, पण ती हळूहळू कमी होत जाते. सरासरी लांबी बाळंतपणापूर्वी ७ सेंटिमीटरच्या थोडी वर, एका बाळंतपणानंतर ८ च्या वर आणि अनेक बाळंतपणांनंतर ९ च्या आसपास असते, असे ढोबळमानाने धरावे. पाच बाळंतपणांनंतर गर्भाशय १३ सेंटिमीटरचे झाले असेल, तर त्याचा दोष बाळंतपणांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. तिथे दुसरे कारण शोधलेच पाहिजे.

५. रिपोर्टमध्ये ‘बल्की युटेरस’ असे लिहिले आहे आणि डॉक्टरांनी ‘पिशवीला सूज आहे’ असे सांगितले. हा आजार आहे का?

आमच्याकडे सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे. ‘बल्की’ हा मापाचा शेरा आहे. तो निदान नाही. गर्भाशय अपेक्षेपेक्षा भरदार दिसले, इतकेच त्यातून कळते, आणि ती अपेक्षा कोणत्या मापाची होती हे बहुतेक रिपोर्टमध्ये लिहिलेले नसते. दोन बाळंतपणे झालेल्या ३८ वर्षांच्या स्त्रीचे ९.२ सेंटिमीटरचे गर्भाशय मूल न झालेल्या स्त्रीच्या मोजपट्टीवर ठेवले तर ते ‘बल्की’ ठरेल आणि तिच्या स्वतःच्या मोजपट्टीवर ठेवले तर सामान्य ठरेल. सूज म्हटले की जंतुसंसर्ग किंवा दाह डोळ्यांपुढे येतो. या शेऱ्याचा त्याच्याशी सहसा संबंध नसतो आणि केवळ तेवढ्यावरून प्रतिजैविकांचा कोर्स घेण्याचे कारणही नसते.

बाळंतपणांमुळे वाढलेले गर्भाशय सर्व बाजूंनी सारखे वाढलेले असते. त्याचा मूळ आकार टिकून राहतो, पुढची आणि मागची भिंत साधारण सारख्या जाडीची असते, स्नायूंचा पोत एकजिनसी दिसतो आणि आतील अस्तराची कड स्पष्ट असते. ॲडिनोमायोसिसमध्ये, म्हणजे आतल्या अस्तराची ऊती स्नायूंमध्ये शिरलेली असते तेव्हा, गर्भाशय गोलसर होते, एक भिंत दुसरीपेक्षा जाड होते, स्नायूंत बारीक पोकळ्या आणि पट्ट्यांसारख्या सावल्या दिसतात आणि अस्तर व स्नायू यांच्यामधली सीमा पुसट होते. फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या कर्करोग नसलेल्या, गाठी बहुधा वेगळ्या ओळखू येतात. ‘बल्की’ या शब्दापुढे यांपैकी एकही वर्णन नसेल, पाळी नेहमीसारखी असेल आणि बाळंतपणे झालेली असतील, तर त्या शब्दासाठी कोणताही उपचार लागत नाही. पाळीत फार रक्तस्राव होत असेल किंवा असह्य दुखत असेल, तर तपासणी त्या तक्रारीसाठी व्हायला हवी, मग माप काहीही असो.

इथे एक गुंतागुंत आहे. ॲडिनोमायोसिस बाळंतपणे झालेल्या स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, म्हणून ‘मुले झाली आहेत, पिशवी मोठी असणारच’ असे म्हणून तो नजरेआड होऊ शकतो. फायब्रॉइडचे याच्या उलट आहे. बाळंतपणे झालेल्या स्त्रियांमध्ये त्या गाठींचे प्रमाण मूल न झालेल्यांच्या तुलनेत कमी असते.

६. माझ्या पिशवीचे आकारमान ११६ सीसी आहे आणि माझ्या अविवाहित बहिणीचे ६२ सीसी. हा जवळजवळ दुपटीचा फरक काळजीचा नाही का?

आकारमान काढताना लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करून त्याला ०.५२३ ने गुणतात. ७.५ × ४.५ × ३.५ या मापांचे गर्भाशय सुमारे ६२ सीसी भरते आणि ९ × ५.५ × ४.५ या मापांचे सुमारे ११६ सीसी. प्रत्येक बाजूने एक ते दीड सेंटिमीटरची वाढ झाली की आकारमान दुपटीच्या जवळ जाते, आणि एवढी वाढ बाळंतपणांनंतर अपेक्षितच असते (प्रश्न २). याच गणिताची दुसरी बाजू अशी की तिन्ही मापांत प्रत्येकी १० टक्क्यांची चूक झाली, तर आकारमान ३३ टक्क्यांनी चुकते. लहानसहान फरकांसाठी सीसीच्या आकड्यावर विसंबू नये.

७. मला मूल नाही, पण दोन गर्भपात झाले आहेत. माझे माप कोणत्या गटात धरायचे?

गर्भ किती महिने वाढला होता यावर ते ठरते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत संपलेल्या गर्भधारणेत गर्भाशयाची वाढ मर्यादित असते आणि तिचा कायमचा ठसा फारसा उरत नाही, म्हणून अशा स्त्रीचे माप मूल न झालेल्या गटाशी ताडून पाहणे योग्य ठरते. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गर्भ गेला असेल तर गर्भाशय तोवर बरेच ताणले आणि वाढलेले असते, आणि काही वाढ मागे राहिली तर नवल नाही. गर्भपात नुकताच झाला असेल तर प्रश्न १० पाहावा.

८. फॉर्मवर ‘मुले किती’ असा रकाना होता. मी ‘एक’ लिहिले. एक बाळ जन्मानंतर गेले होते, ते सांगायला हवे होते का?

हो, सांगायला हवे. गर्भाशयाच्या मापाचा संबंध पूर्ण दिवस भरलेल्या बाळंतपणांशी आहे, आज घरात असलेल्या मुलांशी नाही. मृत जन्मलेले किंवा जन्मानंतर गेलेले बाळही गर्भाशयाला तेवढेच वाढवून गेलेले असते. उलट दत्तक घेतलेल्या किंवा सरोगसीने झालेल्या मुलामुळे आईच्या गर्भाशयाच्या मापात फरक पडत नाही. जुळी झाली तर बाळे दोन असली तरी बाळंतपण एकच धरले जाते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या केसपेपरवर ‘जी ३ पी २ एल १ ए १’ अशी नोंद असते, ती यासाठीच : तीन वेळा दिवस गेले, दोन बाळंतपणे झाली, एक मूल हयात आहे, एक गर्भपात झाला. सोनोग्राफीला जाताना ही ओळ सोबत नेली तर दुःखद गोष्ट अनोळखी व्यक्तीसमोर, सासरच्या माणसांच्या देखत पुन्हा उच्चारावी लागत नाही. फॉर्मवर मुलांऐवजी बाळंतपणांची संख्या विचारली जावी, हे आमचे स्पष्ट मत आहे.

९. दोन्ही मुले सिझरने झाली. तरीही पिशवी मोठी राहते का?

राहते, कारण गर्भाशय नऊ महिन्यांत वाढते आणि बाळ कोणत्या वाटेने बाहेर आले यावर ती वाढ अवलंबून नसते. सिझरनंतर दोन गोष्टी मात्र वेगळ्या दिसू शकतात. एक म्हणजे गर्भाशयाच्या खालच्या भागात, पुढच्या भिंतीवर, टाक्यांच्या जागी खाच किंवा पातळपणा दिसतो. दुसरी अधिक फसवी आहे. काही जणींमध्ये गर्भाशय पोटाच्या पुढच्या भिंतीला चिकटते, वर ओढले जाते आणि लांबट होते. अशा वेळी लांबी १०-११ सेंटिमीटर भरते, पण जाडी आणि रुंदी नेहमीचीच असते. केवळ लांबी पाहून त्याला ‘बल्की’ म्हणणे चूक आहे. पुढे कधी पोटाची शस्त्रक्रिया ठरली तर हा चिकटलेपणा सर्जनला आधी ठाऊक असावा, म्हणून तो रिपोर्टमध्ये लिहिला जाणे महत्त्वाचे असते.

१०. बाळंत होऊन तीन आठवडे झाले आहेत आणि सोनोग्राफीत पिशवी मोठी आली. काय करावे?

केवळ मापासाठी काहीही करू नये. बाळंतपणानंतर लगेच गर्भाशय सुमारे २० सेंटिमीटर लांब आणि एक किलो वजनाचे असते. आठवड्याने ते निम्म्यावर, म्हणजे सुमारे ५०० ग्रॅमवर येते, दोन आठवड्यांनी सुमारे ३०० ग्रॅम होते आणि ओटीपोटात खाली उतरल्याने वरून हाताला लागेनासे होते. पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. बाळंतपणानंतरचे स्थिर माप हवे असेल तर सहा ते आठ आठवडे थांबणे रास्त असते. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा थांबलेला रक्तस्राव पुन्हा जोरात सुरू होणे, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्या वेळी गर्भाशयात वारेचा तुकडा राहिला आहे का, हे पाहणे मापापेक्षा महत्त्वाचे असते.

११. बाळ दहा महिन्यांचे आहे, अंगावर पिते, पाळी आलेली नाही. आता पिशवी ‘लहान’ आली आहे. हे उलटेच कसे?

स्तनपान सुरू असताना इस्ट्रोजेनची पातळी खाली असते आणि गर्भाशय त्या संप्रेरकावर पोसले जाते. त्यामुळे काही जणींचे गर्भाशय या काळात बाळंतपणापूर्वीपेक्षाही लहान आणि आतील अस्तर पातळ दिसते. पाळी सुरू झाल्यावर ते भरून येते. तीन महिन्यांनी एकदा घेतल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक इंजेक्शनानेही अस्तर असेच पातळ राहू शकते.

एक दुर्मीळ पण गंभीर अपवाद इथेच सांगितला पाहिजे. बाळंतपणात अतिशय रक्तस्राव झाला असेल, त्यानंतर दूधच आले नसेल, पाळी परतली नसेल आणि सतत थकवा किंवा थंडी वाजणे असा त्रास असेल, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झाल्याची शक्यता असते. तिला शीहान सिंड्रोम म्हणतात. त्यातही गर्भाशय लहान होत जाते, पण कारण संप्रेरकांच्या अभावाचे असते आणि त्याला उपचार लागतात.

१२. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. पिशवी ६.३ सेंटिमीटर आहे. ‘पिशवी लहान म्हणून दिवस राहत नाहीत’ असे नातेवाईक म्हणतात. खरे आहे का?

या मापावरून तसे म्हणता येत नाही. बाळंतपण न झालेल्या स्त्रीसाठी ६.३ सेंटिमीटर हे सामान्य मापात बसते (प्रश्न २), आणि इथे कार्यकारणाची दिशाच उलटी लावलेली आहे : मूल झालेल्या स्त्रियांची गर्भाशये मोठी दिसतात, कारण त्यांना मूल झाले आहे. पाळी नियमित येत असेल तर गर्भाशयाला संप्रेरके मिळत आहेत, हे उघड आहे. दिवस न राहण्याची कारणे बीजनिर्मिती, गर्भनलिका आणि पतीच्या वीर्यतपासणीत शोधावीत. ही शेवटची तपासणी सर्वांत सोपी असूनही कित्येक घरांत ती सर्वांत शेवटी होते. गर्भाशय खरोखर अविकसित असणे वेगळे. तिथे बहुधा पाळी आलेलीच नसते किंवा अत्यल्प येते, आणि वरचा भाग व गर्भाशयमुख यांचे प्रमाण लहान मुलीसारखे राहिलेले असते.

१३. मूल झालेले नाही, तरी पिशवी ९.८ सेंटिमीटर आली. याचा अर्थ काय?

बाळंतपणांचे स्पष्टीकरण उपलब्ध नसल्यामुळे इथे कारण पाहावेच लागते. पाळी लांबली असेल तर सर्वप्रथम गर्भधारणेची चाचणी करावी. त्यानंतर फायब्रॉइड, ॲडिनोमायोसिस, अस्तराची अवाजवी वाढ, आत साचलेले रक्त आणि जन्मजात रचनेतील वेगळेपण यांचा विचार होतो. मधला पडदा असलेले किंवा दुभंगलेले गर्भाशय लांबीने नेहमीचे, पण रुंदीने जास्त भरते. यांपैकी काहीच नसेल आणि तक्रारही नसेल, तर ते त्या स्त्रीचे स्वतःचे माप असू शकते.

१४. एकाच महिन्यात दोन सेंटरवर ८.४ आणि ९.३ अशी मापे आली. कोणते खरे?

दोन्ही खरी असू शकतात. पोटावरून सोनोग्राफी करताना लघवीची पिशवी भरलेली लागते. ती गर्भाशयाला मागे ढकलून ताणते आणि चपटे करते. आतून केलेल्या सोनोग्राफीत ती रिकामी असते. पुढे किंवा मागे वाकलेले गर्भाशय सरळ रेषेत मोजले तर लांबी कमी भरते आणि वाक धरून मोजले तर जास्त. पाळी येण्याआधी गर्भाशय पाळी संपल्यानंतरच्या मापापेक्षा किंचित मोठे असते, आणि मोजणारा हात बदलला की काही मिलिमीटरचा फरक पडतोच. तुलना करायची असेल तर शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने आणि पाळीच्या त्याच दिवसांत करावी.

१५. डॉक्टर म्हणाले, ‘पिशवी दहा आठवड्यांएवढी आहे.’ मी गरोदर आहे का?

त्या वाक्याचा तसा अर्थ होत नाही. हाताने तपासताना गर्भाशय दहा आठवड्यांच्या गर्भारपणात जेवढे लागते तेवढे लागले, असे सांगण्याची ती जुनी पद्धत आहे. अशी उपमा बाळंतपणांमुळे झालेल्या वाढीला सहसा लागू होत नाही, कारण ती वाढ तेवढी मोठी नसते. गर्भाशय बारा आठवड्यांएवढे झाले की ते जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या कडेच्या हाडाच्या, वर हाताला लागू लागते.

१६. आईची पाळी जाऊन बारा वर्षे झाली. तिला पाच मुले झाली, तरी पिशवी फक्त ५ सेंटिमीटर आली. ठीक आहे ना?

ठीक आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि गर्भाशय आक्रसत जाते. हा बदल पहिल्या दहा वर्षांत सर्वाधिक होतो, त्यानंतर लांबी साधारण ४ ते ६ सेंटिमीटर राहते आणि बाळंतपणांमुळे पडलेला फरक हळूहळू पुसट होतो. या वयात काळजी उलट्या गोष्टीची करावी : पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेल्या स्त्रीचे गर्भाशय १० सेंटिमीटरचे असेल तर ‘पाच बाळंतपणे झाली आहेत’ हे कारण पुरेसे नाही. जुने फायब्रॉइड, संप्रेरकांच्या गोळ्या, स्तनाच्या कर्करोगासाठी दिले जाणारे टॅमॉक्सिफेन यांची चौकशी करावी. पाळी गेल्यानंतर एक डाग जरी लागला, तरी माप कितीही असो, तपासणी टाळू नये.

१७. सोनोग्राफीवरून एखादी स्त्री पूर्वी बाळंत झाली आहे की नाही, हे ओळखता येते का?

गर्भाशयाच्या मापावरून तसे खात्रीने सांगता येत नाही. प्रश्न २ मधील पट्टे एकमेकांवर चढलेले असल्यामुळे ९ सेंटिमीटरचे गर्भाशय कोणाच्याही भूतकाळाचा पुरावा ठरत नाही. लग्न ठरवताना किंवा घरगुती संशयापोटी असे रिपोर्ट ‘वाचून’ मागणारे लोक आहेत, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहावे लागते. सिझरच्या टाक्यांची खूण दिसणे ही वेगळी गोष्ट आहे, पण गर्भाशयावरील व्रण इतर शस्त्रक्रियांचाही असू शकतो.

१८. दोन मुले झाली आहेत, वय ३४, रिपोर्टमध्ये ‘बल्की’. ‘आता पिशवीचा काय उपयोग, काढून टाका’ असा सल्ला मिळाला आहे. काय करावे?

केवळ मापावरून गर्भाशय काढणे समर्थनीय नाही. दोन बाळंतपणांनंतर थोडे मोठे गर्भाशय अपेक्षित आहे आणि त्यातून पुढे कर्करोग होतो, ही भीती निराधार आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने आणि कमी वयात काढली गेल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील शंभरांपैकी सुमारे तीन स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना तयार केल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या अमलात आणण्यास सांगितले.

सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना तीन गोष्टी थेट विचाराव्यात : नेमका आजार कोणता आहे, हिमोग्लोबिन किती आहे, आणि गोळ्या किंवा कॉपर-टीसारखी गर्भाशयात बसवायची, पण तांब्याऐवजी संप्रेरक असलेली साधने आधी का वापरू नयेत. ‘पिशवी मोठी आहे’ याखेरीज दुसरे उत्तर मिळाले नाही तर सर्व रिपोर्ट घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. जीव धोक्यात आणणारा रक्तस्राव सुरू नसेल तर त्यासाठी दोन-चार आठवडे थांबल्याने सहसा नुकसान होत नाही.